मूलद्रव्यांची नावं कुठून आली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थी, शिक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा पाठवत असतात. काही अगदी प्राथमिक आहेत, काही व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमधून आलेले आहेत, तर काहींची उत्तरं देताना बरंच मागे जावं लागतं. सुरुवातीलाच एक सांगायला हवं. नाव ठेवणाऱ्याला त्या क्षणी जेवढं ठाऊक होतं, तेवढंच नावात उतरतं. पुढे ती समजूत चुकीची ठरली तरी नाव सहसा तसंच राहतं. एवढं लक्षात ठेवलं की बरीच कोडी सुटतात.

१. एकूण मूलद्रव्यं किती आणि त्यांची नावं ठरवतं कोण?

आज मान्यता मिळालेली ११८ मूलद्रव्यं आहेत. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगानेसन ही शेवटची चार नावं २८ नोव्हेंबर २०१६ रोजी मंजूर झाली.

अंतिम शब्द आययूपॅकचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा. ही संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. त्याआधी शोध लावणारा नाव सुचवायचा, आणि इतर रसायनशास्त्रज्ञांनी ते वापरलं तर ते रुळायचं. आता शोधाचा दावा आधी तपासला जातो. तो मान्य झाला की शोध लावणाऱ्या गटाकडून नाव आणि संज्ञा मागवतात, ती जाहीर करून पाच महिने हरकतींची वाट पाहतात आणि मगच मंजुरी देतात. नाव पुराणकथेतल्या पात्रावरून किंवा कल्पनेवरून, खनिजावरून, ठिकाणावरून, गुणधर्मावरून किंवा शास्त्रज्ञावरून ठेवता येतं. आकाशस्थ ग्रहगोल पहिल्या प्रकारात मोडतात.

२. सोनं, तांबं, लोखंड ही नावं कोणी ठेवली?

कोणीच नाही. ही नावं रसायनशास्त्राच्या हजारो वर्षं आधीची आहेत. सुवर्णाचं सोनं झालं, ताम्राचं तांबं, सीसाचं शिसं, पारदाचा पारा. लोखंडात 'लोह' आणि 'खंड' दोन्ही स्पष्ट दिसतात. यांपैकी एकाही शब्दाला 'मूलद्रव्य' ही कल्पना माहीत नव्हती. ती नावं बाजारातल्या, भट्टीवरच्या आणि औषधांच्या खलातल्या वस्तूंची होती.

कथील मात्र वेगळं आहे. संस्कृतात कथलाला 'कस्तीर' म्हणत आणि ग्रीकमध्ये 'कासितेरोस'. हे दोन शब्द एकमेकांशी जोडलेले आहेत, कारण प्राचीन काळी कथील दूरदूरच्या देशांतून व्यापाराने येई आणि मालाबरोबर त्याचं नावही फिरे. तांब्याच्या युरोपीय नावाचंही तसंच. रोमनांना तांबं सायप्रस बेटावरून मिळायचं, म्हणून ते 'सायप्रसचा धातू' झालं. त्याचंच पुढे 'क्युप्रम' आणि इंग्रजीत 'कॉपर' झालं.

३. सोडियमची संज्ञा 'एस'ने सुरू न होता 'एन-ए' का आहे?

आजच्या संज्ञांची पद्धत स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास मांडली. संज्ञा सगळ्या देशांत चालाव्यात म्हणून त्याने लॅटिन नावांची आद्याक्षरं घेतली. सोडियमचं लॅटिन वळणाचं नाव 'नॅट्रियम' होतं. ते इजिप्तमध्ये कोरड्या सरोवरांत मिळणाऱ्या 'नॅट्रॉन' या क्षारावरून आलं. पोटॅशियमची संज्ञा 'के' आहे, कारण त्याचं नाव 'कॅलियम'. हा शब्द वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी 'अल-कली'वरून आला. इंग्रजी नावं इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये सोडा आणि पोटॅश यांवरून ठेवली. इंग्रजीत डेव्ही टिकला आणि संज्ञेत लॅटिन टिकलं.

इंग्रजी नाव आणि संज्ञा जुळत नाहीत अशी एकूण अकरा मूलद्रव्यं आहेत: सोडियम, पोटॅशियम, लोह, तांबं, चांदी, कथील, अँटिमनी, टंगस्टन, सोनं, पारा आणि शिसं. पाऱ्याची 'एच-जी' ही संज्ञा 'हायड्रार्जिरम'वरून आली. त्याचा अर्थ पाण्यासारखी चांदी. टंगस्टनबद्दल प्रश्न १४ पाहा.

४. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. मग 'ऑक्सिजन'चा अर्थ प्राण देणारा असा आहे का?

नाही. ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा'. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझियेने ठेवलं. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची ठाम समजूत होती. ती चुकीची निघाली. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन आहे, हे डेव्हीने १८१० मध्ये मांडलं. आम्लांच्या मुळाशी हायड्रोजन असतो हे पुढे स्पष्ट झालं, पण तोवर हायड्रोजनला 'पाणी निर्माण करणारा' हे नाव मिळालेलं होतं.

मराठीतलं 'प्राणवायू' हे नाव त्या चुकीत अडकलं नाही. या वायूचं आपल्याला सर्वांत जास्त महत्त्वाचं काम कोणतं, तेच ते सांगतं. शाळेत दोन्ही नावं शिकवताना हा फरक सांगितला, तर रसायनशास्त्राच्या इतिहासातला एक मोठा वाद मुलांना सहज कळतो.

नायट्रोजनबाबतही असंच आहे. लॅव्हाझियेने त्याला 'ॲझोट' म्हटलं, म्हणजे 'निर्जीव', कारण त्यात प्राणी जगत नाहीत. फ्रेंचमध्ये ते नाव अजून चालतं. 'नायट्रोजन' म्हणजे सोरा (पोटॅशियम नायट्रेट) निर्माण करणारा. हे नाव शाप्तालने १७९० मध्ये सुचवलं.

५. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला हे खरं आहे का?

महाराष्ट्रातून सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. त्यामुळे उत्तर सविस्तर देतो आहोत.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. खग्रास स्थितीचा पट्टा देशाला आडवा छेदून गेला. विजापूर, जमखंडी, गुंटूर आणि मछलीपट्टणम इथून निरीक्षणं झाली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, तर मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्टीत, अनेकांना एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असावी असंच बहुतेकांना वाटलं. ग्रहण नसतानाही या ज्वाला वर्णपटदर्शकातून पाहता येतील, हे जान्सनच्या तिथेच लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने तसं करूनही दाखवलं.

इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, तिथूनच ती पिवळी रेषा नोंदवली. ती सोडियमच्या जागी बसत नव्हती. पृथ्वीवरच्या कोणत्याही पदार्थाशी ती जुळत नाही म्हटल्यावर लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली आणि सूर्याच्या 'हेलिओस' या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. हे नाव लॉर्ड केल्व्हिनच्या १८७१ च्या भाषणात येतं. पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅम्झेला १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजात सापडलं.

मग विजयदुर्ग यात कुठून आला? लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आला होता, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्या मोहिमेत सूर्याभोवतीच्या वर्णावरण आणि प्रभामंडल या थरांच्या वर्णपटांची छायाचित्रं घेतली गेली. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ दिला होता. लॉकियरचं नाव, ग्रहण आणि किल्ला या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांत तीस वर्षांची सरमिसळ झाली आणि १८९८ चा लॉकियर १८६८ च्या ग्रहणाला जोडला गेला.

विजयदुर्गाचं महत्त्व यामुळे कमी होत नाही. १८९८ ची मोहीम हा सूर्याच्या अभ्यासातला चांगला अध्याय आहे, आणि किल्ल्यावर येणाऱ्या मुलांना तोच, त्याच्या खऱ्या तारखेसह, सांगावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

६. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन ही सगळी 'ऑन'ने संपतात. मग हेलियम 'इयम'ने का?

लॉकियरला वाटलं की हे मूलद्रव्य धातू असावं, आणि धातूंच्या नावांना 'इयम' लावायची पद्धत होती. तो राजवायू, म्हणजे इतरांशी सहसा संयोग न करणारा वायू, आहे हे कळलं तेव्हा नाव रुळून पंचवीस वर्षं झाली होती. रॅम्झे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या गणातले इतर वायू शोधले आणि त्यांना 'ऑन' लावलं. आर्गॉन म्हणजे आळशी, क्रिप्टॉन म्हणजे लपलेला, झेनॉन म्हणजे परका. निऑनचं नाव रॅम्झेच्या लहान मुलाने सुचवलं. त्याने लॅटिनमधला 'नोव्हम', म्हणजे नवा, हा शब्द सांगितला आणि वडिलांनी त्याचं ग्रीक रूप घेतलं.

२०१६ पासून नियमच आहे की नव्या मूलद्रव्यांमध्ये हॅलोजनांच्या (क्लोरीन, आयोडीन यांच्या) गणातल्याला 'ईन', राजवायूंच्या गणातल्याला 'ऑन' आणि बाकी सगळ्यांना 'इयम' लावायचं. म्हणून टेनेसीन आणि ओगानेसन.

७. इंडियम हे नाव भारतावरून आहे का?

थेट नाही. १८६३ मध्ये जर्मनीत फ्रायबर्ग इथे राइख आणि रिश्टर यांनी जस्ताच्या खनिजाचा वर्णपट तपासला. राइखला रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहण्याचं काम रिश्टरकडे होतं. त्याला एक गडद निळी रेषा दिसली, नीळ घातल्यासारखी. निळीला लॅटिनमध्ये 'इंडिकम' म्हणत, म्हणून मूलद्रव्य इंडियम झालं. आता निळीला ते नाव का? कारण ग्रीक आणि रोमनांसाठी नीळ ही भारतातून येणारी वस्तू होती. भारत त्या नावात आहे, पण निळीमार्गे. देशाच्या गौरवासाठी ठेवलेल्या जर्मेनियम किंवा फ्रान्सियमच्या रांगेत इंडियमला बसवू नये.

वर्णपटातल्या रंगावरून आणखीही नावं आली. सीझियम आकाशी निळ्यावरून, रुबिडियम गडद लालवरून आणि थॅलियम कोवळ्या हिरव्या डहाळीवरून.

८. भारतीय भाषांतून आलेलं एखादं नाव आहे का? सल्फर 'शुल्बारि'वरून आलं असं वाचलं.

आहे: बेरिलियम. ते बेरिल या खनिजावरून आलं. बेरिल ग्रीक 'बेरिल्लोस'वरून, आणि तो शब्द प्राकृत 'वेलुरिय' म्हणजेच संस्कृत 'वैडूर्य' याच्या घराण्यातला. दक्षिण भारतातून रत्नं रोमन बाजारात जात, त्यांच्याबरोबर नावही गेलं. या मूलद्रव्याला आधी 'ग्लुसिनियम' म्हणत, कारण त्याचे क्षार गोड लागत. ते अतिशय विषारी असतात हे पुढे कळलं. चवीवरचं नाव मागे पडलं आणि रत्नाचं नाव उरलं.

सल्फरची गोष्ट मात्र टिकत नाही. संस्कृत कोशांत गंधकाला 'शुल्बारि', म्हणजे तांब्याचा शत्रू, हे नाव आहे आणि ते गुणधर्माला धरून आहे, कारण गंधक तांब्याला काळं पाडतं. पण लॅटिन 'सल्फर' त्यावरून आलं असं भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. ते त्याचा संबंध जळण्याशी निगडित जुन्या मुळाशी जोडतात. ध्वनी जुळले की नातं जुळलं असं होत नाही.

आर्सेनिकचं मूळ फारसीत आहे. 'झर्नीख' म्हणजे सोनेरी रंगाचं खनिज, तेच आपलं हरताळ. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून ते झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. ज्या खनिजाने आर्सेनिकला नाव दिलं, ते मराठी माणसाच्या तोंडी रोज असतं.

९. मेंडेलीव्हने संस्कृत शब्द वापरले होते का? आवर्तसारणी पाणिनीवरून सुचली असं म्हणतात.

पहिला भाग पूर्ण खरा आहे. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा तिच्यात मोकळ्या जागा होत्या. १८७१ मध्ये त्याने त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच वर्तवले. न सापडलेल्या मूलद्रव्यांना नवी नावं ठेवायची नाहीत म्हणून त्याने वरच्या ओळखीच्या मूलद्रव्याच्या नावाला संस्कृत संख्या जोडली. ॲल्युमिनियमच्या खालचं 'एक-ॲल्युमिनियम', बोरॉनच्या खालचं 'एक-बोरॉन', सिलिकॉनच्या खालचं 'एक-सिलिकॉन'. मँगनीजच्या खालच्या दोन जागांना त्याने 'एक' आणि 'द्वि' लावलं.

पुढे गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) सापडली आणि त्या जागा भरल्या. एक-सिलिकॉनचा अणुभार त्याने ७२ वर्तवला होता. जर्मेनियमचा आज मानला जाणारा अणुभार ७२.६३ आहे.

दुसरा भाग हा एक तर्क आहे. पाणिनीचे अभ्यासक ऑटो बोटलिंक सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत काम करत आणि मेंडेलीव्हही त्याच शहरातला. पाणिनीच्या शिवसूत्रांत वर्णांची जी मांडणी आहे तिचा ठसा मेंडेलीव्हवर उमटला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी सुचवलं आहे. कल्पना मोहक आहे, पण मेंडेलीव्हने तसं लिहून ठेवलेलं नाही. सारणीमागे त्याने दिलेली कारणं अणुभार आणि रासायनिक गुणधर्म यांची आहेत. 'एक' आणि 'द्वि' एवढं पक्कं आहे, आणि तेही कमी नाही.

१०. एकाच गावावरून चार मूलद्रव्यांची नावं आहेत, ते गाव कोणतं?

इटर्बी. स्टॉकहोमजवळच्या एका बेटावरचं छोटं गाव. तिथल्या खाणीत १७८७ मध्ये आऱ्हेनियस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला एक जड काळा दगड सापडला. फिनलंडच्या गाडोलिनने १७९४ मध्ये त्याचं विश्लेषण केलं, तेव्हा त्यात अनोळखी 'माती' निघाली (धातूंच्या अशा ऑक्साइडांना तेव्हा 'माती' म्हणत). त्या मातीचा गुंता सोडवायला पुढची शंभरेक वर्षं लागली. एकामागून एक इट्रियम, टर्बियम, एर्बियम आणि इटर्बियम निघाली. गावाच्या नावाचे तुकडे करूनच ही चार नावं केलेली आहेत.

एवढ्यावर हे थांबत नाही. त्याच प्रकारच्या खनिजांतून होल्मियम (स्टॉकहोमवरून), थुलियम (उत्तरेकडच्या 'थुले' या प्राचीन नावावरून), स्कँडियम आणि गाडोलिनियम निघाली. ही मूलद्रव्यं रासायनिक दृष्ट्या इतकी सारखी आहेत की ती वेगळी करताना रसायनशास्त्रज्ञच चक्रावत. मोसँडरने १८४३ मध्ये ज्या गुलाबी ऑक्साइडला 'टर्बिया' म्हटलं, ते आज एर्बियमचं आहे. मधल्या गोंधळात दोघांच्या नावांची अदलाबदल झाली आणि ती तशीच राहिली.

११. देशांची नावं कशी दिली गेली? गॅलियमवरून वाद का झाला?

गॅलियम 'गॅलिया'वरून, म्हणजे फ्रान्सच्या लॅटिन नावावरून. शोध लावणाऱ्याचं आडनाव होतं लकोक द ब्वाबोद्राँ. फ्रेंचमध्ये 'ल कोक' म्हणजे कोंबडा, आणि लॅटिनमध्ये कोंबड्याला 'गॅलुस' म्हणतात. त्याने आडून स्वतःचंच नाव दिलं, असा संशय घेतला गेला. १८७७ मध्ये त्याने तो लेखी नाकारला.

या सगळ्यांत पोलोनियम आम्हाला सर्वांत जवळचं वाटतं. जुलै १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी ते नाव जाहीर केलं तेव्हा नकाशावर पोलंड हा देशच नव्हता. तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियात वाटला गेला होता. मारी क्युरीने आपल्या जन्मभूमीचं नाव सारणीत नोंदवलं. स्वतंत्र पोलंड त्यानंतर वीस वर्षांनी, १९१८ मध्ये, पुन्हा उभा राहिला.

१२. कोबाल्ट आणि निकेल ही भुतांची नावं आहेत का?

होय. जर्मन खाणकामगारांना काही खनिजं चांदी किंवा तांब्याची वाटत, पण भट्टीत घातल्यावर त्यांतून धातू निघत नसे, वर विषारी धूर यायचा. त्या खनिजांत आर्सेनिक असे. हा 'कोबोल्ड' या खाणीतल्या भुताचा उपद्रव असं ते मानत. निकेलच्या खनिजाला ते 'कुप्फरनिकेल' म्हणत, म्हणजे तांब्यातला खट्याळ पिशाच्च. ब्रांटने १७३५ च्या सुमारास कोबाल्ट आणि क्रोनस्टेटने १७५१ मध्ये निकेल वेगळं केलं, आणि भुताची नावं धातूंना चिकटली.

१३. युरेनियम, नेपच्युनियम, प्लुटोनियम ही ग्रहांच्याच क्रमाने कशी आली?

युरेनस १७८१ मध्ये दिसला आणि क्लाप्रोटने १७८९ मध्ये युरेनियमला त्याचं नाव दिलं. १९४० मध्ये त्याच्या पुढचं मूलद्रव्य बनलं, ते नेपच्युनियम. मग ओघानेच प्लुटोनियम. २००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं, पण मूलद्रव्याचं नाव तसंच राहिलं. सिरियम आणि पॅलेडियम ही मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या सेरेस आणि पॅलस या छोट्या गोलांवरून. त्या दोघांनाही शोधाच्या वेळी ग्रह मानत. सेलेनियम चंद्रावरून आणि टेल्युरियम पृथ्वीवरून. बुधाचं 'मर्क्युरी' हे नाव पाऱ्याकडे किमयागारांच्या काळापासून आहे.

१४. एकाच मूलद्रव्याला दोन नावं का असतात?

बहुधा दोघांनी ते वेगवेगळं शोधलं म्हणून, किंवा दोन भाषांनी दोन नावं धरून ठेवली म्हणून.

टंगस्टन म्हणजे स्वीडिशमध्ये 'जड दगड'. जर्मनांनी 'वुल्फ्राम' वापरलं. त्यात 'लांडगा' आहे, कारण हे खनिज कथलाच्या भट्टीत कथील गिळून टाकतं अशी खाणकामगारांची तक्रार होती. 'डब्ल्यू' ही संज्ञा त्याचीच. नायोबियमला हॅचेटने १८०१ मध्ये 'कोलंबियम' म्हटलं, कारण खनिज अमेरिकेतलं होतं. रोझने १८४४ मध्ये टँटॅलसची मुलगी नायोबी हिचं नाव दिलं, कारण ते नेहमी टँटॅलमसोबत सापडतं. १९४९ मध्ये नायोबियमच्या बाजूने निर्णय झाला.

ॲल्युमिनियम तुरटीच्या 'ॲल्युमेन' या लॅटिन नावावरून आलं. डेव्हीने १८०८ मध्ये 'ॲल्युमियम' आणि १८१२ मध्ये 'ॲल्युमिनम' लिहिलं. युरोपात इतर धातूंशी जुळणारं 'ॲल्युमिनियम' रुळलं, तर अमेरिकन केमिकल सोसायटीने १९२५ मध्ये 'ॲल्युमिनम' स्वीकारलं. आययूपॅकची पसंती 'ॲल्युमिनियम'ला आहे, पण दुसरं रूपही चालतं.

१५. शास्त्रज्ञ स्वतःचं नाव देऊ शकतो का? जिवंत माणसाचं?

शोध लावणाऱ्याने मूलद्रव्याला स्वतःचंच नाव दिल्याचं एकही मान्य उदाहरण नाही. जिवंतपणी हा मान मिळाल्याची उदाहरणं दोनच. ग्लेन सीबोर्ग यांच्यावरून १९९७ मध्ये सीबोर्गियम मान्य झालं, तेही बऱ्याच वादानंतर. २०१६ मध्ये युरी ओगानेसियान यांच्यावरून ओगानेसन. आइन्स्टाइनियम आणि फर्मियम १९५२ च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत सापडली. ती नावं ठरली तेव्हा दोघे हयात होते, पण गुप्ततेमुळे ती जाहीर झाली १९५५ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर.

स्त्री शास्त्रज्ञांपैकी मारी क्युरीचं नाव क्युरियममध्ये पिएरसोबत आहे. लिझ माइट्नर यांचं माइट्नेरियम मात्र एकट्या त्यांचं. अणुविखंडनाचं नोबेल ऑटो हानला मिळालं, त्यांना मिळालं नाही. सारणीत मात्र हान नाही, माइट्नर आहे. ते का, हे पुढच्या उत्तरात.

१६. एकदा रद्द झालेलं नाव पुन्हा वापरता येतं का?

नाही. जुने शोधनिबंध वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून, एका मूलद्रव्यासाठी चाललेलं नाव दुसऱ्याला देत नाहीत. अमेरिकेत १०५ व्या मूलद्रव्याला बरीच वर्षं 'हानियम' म्हणत. सोव्हिएत आणि अमेरिकी गटांच्या वादानंतर १९९७ मध्ये त्याचं नाव डुब्नियम ठरलं आणि हानियम कायमचं बाद झालं.

याचा सर्वांत मोठा चटका जपानला बसला. १९०८ मध्ये मासाताका ओगावा यांनी 'निपोनियम' जाहीर केलं आणि ते ४३ व्या जागी ठेवलं. ती जागा चुकीची होती. त्यांच्या हाती आलं होतं ते ७५ वं मूलद्रव्य, आजचं ऱ्हेनियम, जे जर्मन गटाने १९२५ मध्ये शोधलं. जपानने मोठी संधी गमावली. पुढे कोसुके मोरिता यांच्या रिकेन या जपानी संशोधन संस्थेतल्या गटाने ११३ व्या मूलद्रव्याचे अणू २००४, २००५ आणि २०१२ मध्ये घडवले. इतक्या वर्षांत फक्त तीन अणू. 'निपोनियम' वापरता येत नव्हतं, म्हणून देशाच्या नावाचा दुसरा उच्चार घेऊन निहोनियम ठेवलं.

संज्ञांबाबतही हीच काळजी घेतात. कोपर्निसियमची संज्ञा आधी 'सी-पी' सुचवली होती, पण ती पूर्वी ल्युटेशियमच्या 'कॅसिओपियम' या जुन्या नावासाठी वापरली जाई, म्हणून 'सी-एन' ठरली.

१७. 'अनअनऑक्टियम' हे कसलं नाव?

तात्पुरतं. मान्य नाव मिळेपर्यंत अणुअंकातल्या प्रत्येक अंकासाठी ठरलेला तुकडा जोडतात: शून्याला 'निल', एकाला 'अन', दोनाला 'बाय', आठाला 'ऑक्ट', नवाला 'एन'. शेवटी 'इयम'. म्हणून ११८ वं अनअनऑक्टियम होतं, ते आता ओगानेसन. जुन्या तक्त्यांवर ही नावं अजून दिसतात. तक्ता २०१६ च्या आधीचा आहे हे ओळखायची ती सोपी खूण.

१८. मराठीत 'सोडियम' लिहावं की 'सोडिअम'?

विश्वकोशात 'सोडियम' दिसतं, शालेय पुस्तकांत 'सोडिअम'. दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच ठेवा. परीक्षेला बसणाऱ्यांनी पाठ्यपुस्तकातलं रूप धरावं. सोनं, तांबं, पारा, गंधक, जस्त अशी नावं मराठीत आहेत तिथे तीच वापरा. ती कोणत्याही भाषांतराने आलेली नाहीत.

१९. भारताच्या नावाचं मूलद्रव्य कधी होईल?

नाव सुचवण्याचा हक्क शोध लावणाऱ्या गटाला असतो, त्यामुळे आधी शोध लागायला हवा. ११८ च्या पुढचं मूलद्रव्य घडवायला शक्तिशाली आयनझोत, म्हणजे विद्युतभारित अणूंचा झोत, लागतो आणि त्याच्यासमोर धरायला क्युरियम किंवा बर्केलियमसारखं जड मूलद्रव्य लागतं. हे लक्ष्यद्रव्य बनवणाऱ्या अणुभट्ट्या जगात मोजक्याच आहेत. टेनेसीनसाठी लागणारं बर्केलियम अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे बनलं, अवघं २२ मिलिग्रॅम. त्याचं अर्धायुष्य ३३० दिवसांच्या आसपास असल्याने ते घाईने रशियात डुबनाला न्यावं लागलं. प्रयोग रशियात होऊनही नाव टेनेसीचं आहे, ते या वाट्यामुळे. मोठ्या सहकार्यात एखाद्या भारतीय संस्थेचा असाच निर्णायक वाटा असला, तरी नावाची वाट खुली होऊ शकते.

सध्या रिकेनमध्ये क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून ११९ व्या मूलद्रव्याचा शोध चालू आहे. बर्कलीच्या गटाने २०२४ मध्ये टायटॅनियमच्या झोताने लिव्हरमोरियम घडवून दाखवलं आणि १२० व्या मूलद्रव्याची तयारी केली. ज्या गटाचा दावा मान्य होईल, त्याला त्या मूलद्रव्याचं नाव सुचवायला सांगितलं जाईल. तोवर ११९ वं 'अनअनएनियम' आणि १२० वं 'अनबायनिलियम'.